फरशीखालची हालचाल

व्हिनाइलची टाइल जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. मागचा कागद सोलून चिकटवायची असेल तर त्याहून पातळ. एवढ्याशा जाडीत काही लपवायची ताकद नसते. झाडताना राहिलेला वाळूचा कण, किंचित वर आलेलं खिळ्याचं डोकं, शेजारच्या दोन प्लायमधली नखभर पायरी, हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत वर उमटतं आणि मग त्या जागी पायपुसणं टाकायची वेळ येते. काम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे टाइल लावण्यापूर्वीची तयारी म्हणजे तळ सपाट करणं, अशी सर्रास समजूत झाली आहे. दुकानंही तिला खतपाणी घालतात. तिथे भेगा बुजवायच्या पावडरींच्या पिशव्या आणि पाण्यात कालवून ओतल्या की आपोआप पातळी धरणारी मिश्रणं दर्शनी मांडलेली असतात, आणि लांब स्क्रूंचे डबे कुठेतरी मागच्या रांगेत. माझ्या मते लाकडी तळाच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि बहुतेक जमिनी बिघडतात त्या उरलेल्या अर्ध्यामुळे. काँक्रीटचा तळ उंचसखल असतो. लाकडाचा तळ उंचसखल असतो आणि वर हलतोही. ती हालचाल आधी ताब्यात आणायला हवी. सपाटीचं नंतर बघता येतं. क्रम उलटा झाला तर सपाटीवर केलेला सगळा खर्च हालचाल हळूहळू गिळते.

इथे डोळ्यांसमोर आहेत ती न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडची लाकडी सांगाड्याची घरं. मजुरी परवडत नाही म्हणून तिथली बरीच मराठी कुटुंबंही स्वयंपाकघराची जमीन स्वतःच बदलायला घेतात. या घरांची रचना साधी असते. दोन टोकांना टेकलेल्या लाकडी कड्या, बहुधा सोळा-सोळा इंचांवर, आणि त्यांच्यावर लाकडाचा तळ. साधारण 1950 पूर्वीच्या घरांत तो फळ्यांचा, पुष्कळदा कड्यांवर तिरप्या ठोकलेल्या फळ्यांचा. त्यानंतरच्या घरांत प्लायवूडचा. आणि 1980 च्या दशकापासून वाढत्या प्रमाणात ओएसबीचा, म्हणजे लाकडाच्या चपट्या चिपा गोंदात दाबून केलेल्या तक्त्यांचा. आपल्या वाड्यांमधला कडीपाट याच जातीचा. फरक होता तो वरच्या थरात. कडीपाटावर मातीचा किंवा चुन्याचा जाड थर असायचा, त्यावर सारवण नाहीतर फरशी. खालच्या फळ्या फुगल्या, आकसल्या, तरी तो थर बरंचसं पोटात घालायचा, आणि सारवणाला चीर पडलीच तर पुढच्या सारवणात ती बुजायची. व्हिनाइलच्या टाइलला असं काही पोट नाही. ती थेट लाकडाला चिकटते, आणि लाकडाला जे होईल ते तिला भोगावं लागतं.

लाकूड किती हलतं, याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. दाण्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळपास हलत नाही. रुंदीत मात्र हलतं. पाइनसारखं लाकूड पूर्ण ओलं असताना आणि भट्टीत पूर्ण सुकवल्यावर मोजलं, तर वार्षिक वलयांच्या दिशेने ते सात-आठ टक्के आकसतं. घरात एवढा फरक कधी पडत नाही, पण त्या भागात हिवाळाभर घर तापवलेलं असतं, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांवर उतरतो. दमट उन्हाळ्यात तोच अकरा-बारापर्यंत चढतो. या पाच-सहा अंकांच्या चढउतारात साडेपाच इंच रुंदीची फळी दीड ते दोन मिलिमीटर फुगते आणि आकसते. म्हणजे दर साडेपाच इंचांवर एक फट वर्षातून एकदा उघडते, एकदा मिटते, आणि तिच्यावर आपण तीन मिलिमीटरची टाइल चिकटवलेली असते. ती फट उन्हाळ्यात मिटलेली असताना पुट्टी भरली तर हिवाळ्यात पुट्टी सुटते. हिवाळ्यात भरली तर उन्हाळ्यात फळ्या तिला चिमटतात, आणि ती वर उचलली जाऊन टाइलवर रेघ उमटते. पुट्टी चांगल्या प्रतीची होती की नव्हती, हा प्रश्नच इथे येत नाही. फळ्यांच्या तळावर थेट व्हिनाइल लावू नये आणि मध्ये प्लायवूडचा एक थर द्यावा, हा जुना नियम यातूनच आला. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे दाणे काटकोनात असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात, आणि खालच्या प्रत्येक फटीची हालचाल वर जशीच्या तशी पोचत नाही.

ही झाली आडवी हालचाल. उभी हालचाल जास्त फसवी असते. अमेरिकेतली घरबांधणीची संहिता जमिनीच्या कडीला भाराखाली तिच्या लांबीच्या तीनशेसाठाव्या भागाइतकं वाकायची मुभा देते. बारा फुटांच्या कडीला हे माप दहा मिलिमीटरच्या आसपास जातं. एकीकडे टाइल बनवणारे दहा फुटांत तीन-सोळांश इंचाहून, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटरहून, जास्त उंचसखलपणा नको म्हणतात, आणि दुसरीकडे कायदा त्याच्या दुप्पट वाकू देतो. यात विसंगती वाटते, पण ती नाही. बारा फुटांत पसरलेला दहा मिलिमीटरचा बाक टाइलला जाणवतही नाही, कारण कुठल्याही एका टाइलच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा अंश येतो. तिला मारतो तो एकाच सांध्यातला एक मिलिमीटर. एका फळीवर पाय पडला, ती दबली आणि शेजारची दबली नाही, की सांध्यावर बसलेली टाइल कातरीत सापडते. दिवसातून शंभर वेळा असं झालं की आधी गोंद सुटतो, मग कड उचलते, उचललेल्या कडेखाली पोछ्याचं पाणी जातं. जमीन सगळी मिळून हलली तर चालतं. शेजार-शेजारचे दोन तुकडे वेगवेगळे हलले तर चालत नाही. तयारीचा सगळा भर या भेदावर हवा, आणि सरळ पट्टी ठेवून फटीत किती माप बसतं ते बघण्याच्या नेहमीच्या पद्धतीत नेमका हाच भेद दिसत नाही. पट्टी रिकाम्या जमिनीवर ठेवली जाते. त्या वेळी तळावर कुणी उभं नसतं.

म्हणून सपाटी मोजायच्या आधी तळ पायांनी तपासावा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून वजन इकडून तिकडे टाकायचं. त्याहून चांगलं म्हणजे एकाने चालायचं आणि दुसऱ्याने गुडघ्यावर बसून बोटांची टोकं सांध्यावर आडवी ठेवायची. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो. त्या वेळी डोळ्याला काही दिसत नसतं. करकर वाजणारी जागा खडूने खुणावून ठेवावी, कारण करकर म्हणजे कुठेतरी लाकूड खिळ्यावर वर-खाली सरकतंय. पूर्वी तळ नुसत्या गुळगुळीत खिळ्यांनी ठोकत. लाकूड सुकलं की खिळ्याभोवतीची पकड ढिली पडते, आणि तोच खिळा पुन्हा ठोकला तर तो त्याच ढिल्या भोकात बसतो. तिथे स्क्रूच हवा, आणि तो तळातून खालच्या कडीत चांगला इंचभर शिरलेला हवा. नुसता प्लायमध्ये फिरलेला स्क्रू काही धरत नाही. खाली तळघर असेल आणि कड्या उघड्या दिसत असतील तर आणखी बरं. कडी आणि तळ यांच्यात फट असेल तिथे खालून पाचर घालता येते. पाचर गोंद लावून बोटाने दाबली जाईल एवढीच घालावी. हातोड्याने ठोकली की ती फट भरून थांबत नाही, तळ वर उचलते, आणि सपाट जागी उंचवटा तयार होतो. कड्यांच्या मध्ये जिथे दोन तक्त्यांचा सांधा अधांतरी आहे, तिथे खालून लाकडाचा ठोकळा देऊन दोन्ही कडा त्यावर स्क्रूने आवळल्या की त्या एकत्रच हलतात. या कामाला धूळ फार होत नाही, पैसेही फार लागत नाहीत, आणि झाल्यावर दाखवण्यासारखं काही उरत नाही. बहुधा म्हणूनच ते टाळलं जातं.

वरचा सहा मिलिमीटरचा प्लाय ठोकताना एक गोष्ट उलटी वाटते, पण तिच्यामागे पक्कं कारण आहे. तळाचे स्क्रू कडीत शिरायला हवेत, आणि वरच्या प्लायचे खिळे कडीत शिरता कामा नयेत. कडी जाड आणि उंच असते, नव्या घरात ती पुरती सुकलेलीही नसते. सुकताना तिची उंची कमी होते. लांब खिळा कडीत आत खोलवर घट्ट रुतलेला असतो, तो तिथेच राहतो. कडीचा माथा आणि त्यावरचा तळ थोडे खाली बसतात, आणि खिळ्याचं डोकं प्लायच्या वर येतं. टाइलवर मग ठरावीक अंतरावर ओळीने फोड दिसतात. आखूड, अंगावर कंगोरे असलेला खिळा फक्त तळात अडकला तर तळाबरोबर तोही खाली बसतो आणि वर काही उमटत नाही. खिळे दाट हवेत. कडांवर तीन-तीन इंचांवर आणि मधल्या भागात दोन्ही दिशांना सहा-सहा इंचांवर, असं प्लायवूड उद्योगाचं माप आहे, म्हणजे चार बाय आठ फुटांच्या एका पूर्ण शीटला दोनशेच्या आसपास खिळे. हा आकडा ऐकून लोक हसतात. पण सहा मिलिमीटरचा प्लाय स्वतःहून ताठ नसतो, त्याला खालच्या तळाचाच ताठपणा उसना घ्यायचा असतो, आणि दोन खिळ्यांमध्ये तो सुटा राहिला तर पायाखाली टपटप वाजतो. ठोकायला एका कडेपासून सुरुवात करून पुढे सरकत जावं. चारी कोपरे आधी अडकवले की मधला फुगा बाहेर पडायला जागा राहत नाही. वरच्या प्लायचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत, आणि दोन शीट एकमेकींना घट्ट भिडवू नयेत. पाऊण मिलिमीटरची फट पुरते. प्लायही मुद्दाम या कामासाठी केलेला, आतल्या थरांत पोकळी नसलेला आणि वरचा थर घासलेला घ्यावा. स्वस्त प्लायच्या आत गाठ निघून गेलेली पोकळी असते, आणि तिच्यावर टाचेचा दाब पडला की टाइल खड्ड्यात बसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आपोआप पातळी धरणारं मिश्रण ओतलं की सांधे, खिळे, फटी सगळं एकदमच झाकलं जातं, मग हा खटाटोप कशाला? हे मिश्रण फार उपयोगाचं आहे, आणि काँक्रीटवर मीही आधी त्याचंच नाव घेईन. पण ते सिमेंटच्या जातीचं आहे. दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. हलणाऱ्या लाकडावर ते ओतलं की सांध्याच्या रेषेत चिरतं, चिरलेले तुकडे एकमेकांवर घासून भुगा होतो, आणि टाइलखाली तो भुगा चालताना कुरकुरतो. ओल असलेल्या भिंतीवर रंग चढवला की पुढच्या पावसाळ्यात तिचे पोपडे निघतात, तसंच हे आहे. वजनाचंही बघायला हवं. एका चौरस मीटरला एक मिलिमीटर जाडी धरली तर ते पावणेदोन ते दोन किलो भरतं. बारा बाय बारा फुटांच्या स्वयंपाकघरात सहा मिलिमीटर ओतलं तर दीडशे किलोच्या जवळपास ओझं कायमचं कड्यांवर येतं आणि त्या आणखी वाकतात. लाकडावर ओतायचं झालंच तर आधी प्रायमर लावायचा, बहुतेक प्रकारांत वर जाळीही ठोकायची, आणि ज्या तळावर हे करायचं तो मुळात घट्ट असायला हवा. म्हणजे फिरून तिथेच आलो. पुट्टीलाही माझा विरोध नाही. घट्ट तळावर, खिळ्यांच्या खड्ड्यांत आणि उथळ जागांत ती उत्तम बसते. सैल तळ आवळायचं काम मात्र तिच्याकडून होत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता एकमेकांत कड अडकवायच्या जाड व्हिनाइल पट्ट्या मिळतात. त्या चिकटवाव्या लागत नाहीत, तळावर नुसत्या टेकून असतात, मग खाली काही हललं तरी वर काय बिघडणार? यात थोडं तथ्य आहे. अशा पट्ट्यांवर खिळ्याचं बारीक डोकं किंवा सांध्याची रेघ पातळ टाइलइतकी लवकर उमटत नाही, आणि फळ्यांच्या आडव्या हालचालीशी त्यांचं देणंघेणं नसतं. उभ्या हालचालीशी मात्र असतं. या पट्ट्यांचा सगळा जोर कडेच्या बारीक खाचेवर असतो. खालचा तळ दर पावलाला दबला की ती खाच दर पावलाला मुरडते, आणि एक दिवस तुटते. चिकटवलेली एक टाइल सुटली तर ती एकटी बदलता येते. मधल्या पट्टीची खाच तुटली तर भिंतीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या उचकटाव्या लागतात. थोडक्यात, जुन्या टाइलपेक्षा ही जमीन उंचसखलपणा जास्त सोसते आणि हालचाल कमी सोसते. जाहिरातीत पहिल्या गुणाचं गाणं असतं, दुसरा कोपऱ्यात बारीक अक्षरांत.

उंचीचा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. सहा मिलिमीटर प्लाय आणि तीन मिलिमीटर टाइल मिळून जमीन नऊ मिलिमीटरने वर येते. दारं खालून तासावी लागतात, उंबऱ्याशी पट्टी लागते, आणि ओट्याखाली डिशवॉशर असेल तर तो आत अडकून बसतो, पुढे बिघडला तर बाहेर निघत नाही. जुना थर काढून टाकला की बहुतेक वेळा ही उंची परत मिळते. जुना थर काढायच्या आधी मात्र तो कसला आहे ते पाहिलंच पाहिजे. 1933 च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइल आणि ॲस्बेस्टसच्या मिश्रणाच्या टाइल लोकांसमोर आल्या, आणि पुढे कित्येक दशकं अमेरिकी घरांत त्या सर्रास बसवल्या गेल्या, पुष्कळदा नऊ इंची चौरसांत, खाली काळ्या डांबरी गोंदाचा थर देऊन. अशा टाइल घासू नयेत, फोडू नयेत, खरवडू नयेत. आधी नमुना तपासून घ्यावा. ॲस्बेस्टस निघालं तर त्या जागच्या जागी ठेवून वरून झाकणं हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. माझा क्रम इथे थोडा मोडतो, हे मान्य आहे. वरून शेकडो भोकं पाडणं योग्य नसल्यामुळे तळ आवळायचं काम जमेल तेवढं खालून, पाचर आणि ठोकळे घालून करावं लागतं, आणि वर न चिकटवायची जमीन घ्यावी लागते.

ओलावा या सगळ्याच्या मुळाशी आहे, कारण हालचालीचं इंधन तोच पुरवतो. व्हिनाइलमधून वाफ आरपार जात नाही. उघडा लाकडी तळ खालून शोषलेली ओल वरून सोडून देऊ शकतो. व्हिनाइल लावल्यावर ती वाट बंद होते. घराखाली तळघराऐवजी नुसती बुटकी पोकळी असेल आणि तिच्यात उघडी माती असेल, तर मातीची वाफ रोज तळात मुरत राहते. म्हणून आधी मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरायचं, किमान सहा मिल, म्हणजे दीड-दशांश मिलिमीटर जाडीचं. पोकळीचे झरोके बुजलेले नाहीत ना ते बघायचं, आणि दोन सुयांच्या मीटरने तळातला ओलावा मोजायचा. बारा-तेरा टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं. वीस टक्क्यांच्या वर तो टिकून राहिला की बुरशीला लाकूड खायला लागायची सोय होते, आणि तसं झाल्यावर स्क्रू आवळायला लाकूडच शिल्लक राहत नाही. याबाबतीत मुंबईकरांनीही सावध राहावं. गिरगाव-काळबादेवीकडच्या जुन्या इमारतींत लाकडी तुळयांवर तोललेल्या खोल्या अजून आहेत. तिथे तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतात, आणि भिंत पावसाळ्यात भिजली की कुजायला सुरुवात त्या टोकांपासून होते. जमिनीवर एकसंध व्हिनाइल पसरलं की मोरीच्या आसपासची ओल वरून सुकत नाही, दिसतही नाही. तिथे आधी टोकं तपासून घ्यावीत, जमिनीचा विचार मग करावा.

हे सगळं झाल्यावर सपाटीचा नंबर येतो, आणि तोवर काम बरंच सोपं झालेलं असतं. खोली अंधारी करून टॉर्च जमिनीवर आडवी ठेवावी. उंच कडा सावली टाकतात. त्या सँडरने उतरवाव्यात, खोलगट जागी पुट्टीचा पातळ हात द्यावा, आणि वाळल्यावर तळहात फिरवून पाहावा. ओएसबीच्या कडा बांधकामाच्या वेळी पावसात भिजून फुगलेल्या असतात. त्या पुट्टीने भरून आजूबाजूची पातळी वर आणण्यापेक्षा घासून खाली आणणं कधीही चांगलं. शेवटी झाडू, मग व्हॅक्यूम, आणि टाइलची खोकी एक-दोन दिवस त्याच खोलीत उघडून ठेवणं, म्हणजे टाइल आणि तळ एकाच तापमानाला येतात. टाइलच्या रेषा आखताना हातात मार्कर किंवा बॉलपेन असू नये. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू शाई वर ओढून घेतं, आणि काही महिन्यांनी पांढऱ्या टाइलच्या पोटातून निळी रेघ दिसू लागते. ती घासून जात नाही, कारण ती वर नसतेच. प्लायवर कारखान्याचा छापलेला शिक्का याच कारणाने उलटा खाली जाईल असा ठेवावा, गोंद किंवा राळ चढवलेले खिळे टाळावेत, आणि रेषा पेन्सिलीने, हलक्या हाताने आखाव्यात.